संगणकाला ताप आला काय?

चहा फार कढत असला म्हणजे आपण तो कपातून बशीत ओततो. चहा तोच आणि खोलीही तीच. तरी बशीतला चहा लवकर निवतो. बशीत तो पसरतो, त्याचा अधिक भाग हवेला लागतो आणि त्याची उष्णता चटकन निघून जाते. मोटारसायकलच्या इंजिनाभोवती धातूच्या पातळ पट्ट्यांची चळत तुम्ही पाहिली असेल. ती शोभेसाठी नसते. इंजिनाची उष्णता अधिकाधिक हवेला भेटावी म्हणून केलेली ती एक प्रकारची बशीच होय.

अलीकडे अशाच पट्ट्यांचा एक लहान तुकडा संगणकाच्या पोटात, त्याच्या साठवणीच्या भागावर, बसवलेला आढळतो. साठवणीच्या ह्या भागाला एसएसडी म्हणतात आणि धातूच्या तुकड्याला हीटसिंक. कोणी त्यावर एक चिमुकला पंखाही लावतात. दुकानांत ह्या वस्तू नीटनेटक्या मांडलेल्या असतात आणि ज्याच्या घरी संगणक आहे, त्याला त्या घ्याव्याशा वाटतात. परंतु त्यांची खरोखर गरज आहे की नाही, हे कसे ओळखावे? मला हा प्रश्न प्रथम एका मुलाने विचारला, तेव्हा मलाही त्याचे उत्तर एकदम देता आले नाही.

२०२४ च्या मे महिन्यात मी नागपूरला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. नागपूरचा उन्हाळा प्रसिद्धच आहे. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. बहिणीच्या घरात कूलर एकच, तो बैठकीच्या खोलीत. आणि भाच्याचा संगणक मागच्या खोलीत. भाचा सातवीत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत जुळवण्याचे काम त्याने मोठ्या हौसेने अंगावर घेतले होते. परंतु काम रंगात आले, की संगणक मंदावे. जवळच्या एका दुकानदाराला बोलावले, तेव्हा त्याने कॅबिनेटची बाजू उघडली, एसएसडीवरच्या धातूच्या पट्टीला बोट लावले, ते झटकन मागे घेतले आणि निदान केले, "ही फार तापते. हिला पंखा लावून घ्या, नाहीतर एक दिवस जळून जाईल." पंख्यासाठी पैसे काढायचे म्हणजे ते भाच्याच्या नव्या दप्तराचे काढावे लागणार होते.

तथापि त्या मुलाला दप्तराची चिंता नव्हती. त्याची आजी, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, आदल्या वर्षी वारल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या त्या फार गोड म्हणत. एका सुटीत भाच्याने त्या ध्वनिमुद्रित करून ह्या संगणकात ठेवल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

"मामा, आजीचा आवाज ह्यातच आहे," तो म्हणाला. "ही जळली तर तो कुठून आणायचा?"

म्हणून आम्ही पहिले काम हे केले, की घरातल्या एका जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर त्या ओव्या उतरवून घेतल्या. एसएसडी थंड असतानाही बिघडू शकते. विजेचा झटका बसतो, एखादा भाग निकामी होतो, कधी आपणच चुकून मजकूर पुसून टाकतो. पंखा लावल्याने दुसरी प्रत तयार होत नाही. ते काम झाल्यावर भाच्याचा जीव भांड्यात पडला आणि आम्ही शांतपणे ताप मोजायला बसलो.

मोजण्यापूर्वी ही वस्तू काय आहे, ते समजून घेतले पाहिजे. संगणकाने केलेले काम वीज गेल्यावरही टिकावे म्हणून ते कोठेतरी साठवून ठेवावे लागते. १९५६ साली अमेरिकेतील आय.बी.एम. ह्या कंपनीने ह्यासाठी फिरत्या तबकड्यांचे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, यंत्राचे वजन एका टनाच्या घरात होते, आणि एवढ्या पसाऱ्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान होत गेल्या. परंतु फिरणे काही सुटले नाही. १९८० नंतरच्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्या अभियंत्याने एका निराळ्या प्रकारच्या स्मृतीचा शोध लावला. तिला फ्लॅश स्मृती म्हणतात. तिच्यात काहीही फिरत नाही. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, कोंडून ठेवायचे आणि किती कण कोंडले आहेत त्यावरून मजकूर ओळखायचा, अशी तिची युक्ती आहे. एसएसडी ह्या स्मृतीचीच बनलेली असते.

आजच्या संगणकांतील एसएसडी बहुधा एका हिरव्या किंवा काळ्या पट्टीच्या रूपात असते. तिची रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी सामान्यतः ८० मिलिमीटर, म्हणजे साधारण तुमच्या मधल्या बोटाएवढी. ह्या पट्टीवर दोन प्रकारच्या चिप्स असतात. काही चिप्स म्हणजे मजकुराची कोठारे. आणि एक, नखाएवढी, ह्या कोठारांवरचा कारभारी. कोणता मजकूर कोठे ठेवायचा, कोठून काढायचा, वाटेत काही चूक झाली असल्यास ती कशी दुरुस्त करायची, हे सर्व तोच पाहतो. त्याला नियंत्रक म्हणतात. काम जितके घाईचे तितकी ह्या कारभाऱ्याची धावपळ अधिक, आणि ताप मुख्यतः चढतो तो त्यालाच. कोठारे त्या मानाने शांत असतात.

हा ताप येतो कोठून? वीज वाहताना तिला अडथळा होतो आणि त्या अडथळ्यात तिचा काही भाग उष्णतेत बदलतो. विजेच्या शेगडीत आपण हे मुद्दाम घडवतो. संगणकात ते आपोआप घडते. वेगवान एसएसडी जोरात काम करीत असताना सुमारे ५ ते ८ वॅट वीज घेते. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याहून हे कमीच आहे. परंतु त्या दिव्याला मोठे बूड असते आणि उष्णता त्यातून हळूहळू बाहेर पडते. एसएसडीवर मात्र त्यातला बराचसा भाग नखाएवढ्या जागेत उत्पन्न होतो. शिवाय संगणक स्वस्थ असेल, तर हीच पट्टी एका वॅटहूनही कमी वीज घेऊन पडून राहते. म्हणजे तिचा ताप कायमचा नसतो; तो कामाबरोबर चढतो आणि कामाबरोबर उतरतो.

आता दुकानदाराच्या बोटाकडे वळू. बोट हे फार लबाड तापमापक आहे. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. ५० अंशांची धातूची पट्टी आपल्याला चटका देईल असे वाटते आणि ६० अंशांची तर हातात धरवत नाही. परंतु जे बोटाला सोसत नाही ते यंत्राला सोसत नाही, असे समजणे चुकीचे आहे. घरगुती एसएसडीचे बनवणारे आपल्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ७० अंश ही काम करण्याची योग्य मर्यादा म्हणून देतात, आणि तिच्यातील नियंत्रक त्याहूनही थोडा वर गेल्याशिवाय तक्रार करीत नाही. म्हणून बोट लावून केलेले निदान आम्ही बाजूला ठेवले. चालू संगणकाच्या पोटात बोट घालणे धोक्याचेही आहे. ते दुकानदाराने केले म्हणून तुम्ही करू नये.

सुदैवाने एसएसडीमध्ये तिचा स्वतःचा तापमापक असतो. तो वाचण्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या साठवणीविषयीच्या भागात अनेक एसएसडींचे तापमान दिसते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत जपानी प्रोग्रॅम आहे, तोही ते दाखवतो. लिनक्सवर स्मार्टसीटीएल हा आदेश दिला, तर तापमानाबरोबर आणखी एक उपयोगी आकडा मिळतो. किती अंशांवर सावध व्हावे, हे ती पट्टी स्वतःच सांगते. भाच्याच्या एसएसडीने हा आकडा ८४ असा सांगितला. आम्ही तो वहीच्या पानावर सर्वांत वर लिहून ठेवला, कारण पुढचे सगळे आकडे त्याच्याशीच ताडून पाहायचे होते.

खोलीतल्या भिंतीवरच्या तापमापकात ३८ अंश दिसत होते. संगणक सुरू करून पंधरा मिनिटे तसाच ठेवला. एसएसडी ४९ अंशांवर स्थिर झाली. दुकानदाराचे बोट भाजले ते एवढ्यानेच! मग भाच्याने रोजची कामे केली. निबंध लिहिला, चित्रे पाहिली, एक गाणे लावले. तापमान ५३ च्या पुढे गेले नाही. ओव्यांची प्रत करताना आम्ही पाहिले होते, तेव्हाही ते ५२ च होते. कारण समोरची जुनी डिस्क मंद होती आणि एसएसडीला तिच्यासाठी थांबत थांबतच मजकूर द्यावा लागत होता. संथ कामाने ही पट्टी तापत नाही. ज्यांच्या संगणकावर लिहिणे-वाचणे, चित्रे पाहणे एवढेच चालते, त्यांनी येथेच वही मिटून टाकावी. त्यांना हीटसिंकही नको आणि पंखाही नको.

परंतु भाच्याचे काम तेवढेच नव्हते. म्हणून आम्ही तिला खरी मेहनत दिली. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींचे एक मोठे दप्तर, सुमारे २०० गिगाबाइटांचे, त्याच एसएसडीवर दुसऱ्या जागी उतरवायला सांगितले आणि दर अर्ध्या मिनिटाला दोन आकडे लिहीत गेलो, एक तापमानाचा आणि दुसरा वेगाचा. प्रथम वेग सेकंदाला सुमारे १५०० मेगाबाइट होता. एक मिनिट झाले असेल नसेल, तो एकदम ४०० वर आला.

"पाहा मामा, दमली!" भाचा ओरडला. "गरम झाली ना?"

मी त्याला तापमानाचा रकाना दाखवला. तेथे ६४ होते. सावधगिरीची मर्यादा ८४. म्हणजे अजून वीस अंश बाकी होते. मग वेग का पडला? ह्याचे कारण तापात नव्हते. शेतकरी ज्वारीची रास गाडीतून उतरवतो तेव्हा ती प्रथम अंगणात भराभर ओततो आणि मग सवडीने कणग्यांत नीट भरतो. एसएसडीही असेच करते. येणारा मजकूर ती आधी काही कप्प्यांत सैलपणे, एका कप्प्यात एकच खूण असा, भराभर ठेवते. आणि मागाहून, सवड मिळेल तशी, एका कप्प्यात तीन तीन खुणा अशा दाटीने लावते. अंगण भरले, की नवी रास थेट कणगीतच भरावी लागते आणि वेग पडतो. हिवाळ्यातही तो तसाच पडला असता. पंखा लावून त्यात काहीच फरक झाला नसता. पुष्कळ लोक येथेच फसतात. वेग पडलेला पाहतात, पट्टी गरम लागते, आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीला दुसरीचे कारण समजतात. आमच्या पट्टीचे तापमान काम संपेपर्यंत ६९ च्या वर गेले नाही.

येथवर पाहता दुकानदाराचे निदान सपशेल चुकीचे ठरले असते. परंतु भाच्याची तक्रार प्रत उतरवण्याविषयी नव्हती. चित्रफीत जुळवताना संगणक मंदावतो, ही होती. म्हणून संध्याकाळी आम्ही नेमके तेच काम सुरू केले. ह्या कामात एसएसडीला फारसे श्रम नसतात. श्रम असतात चित्रे तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला. ते बरीच वीज खाते आणि त्याचे पंखे भरपूर उष्ण हवा बाहेर फेकतात. दहा मिनिटांनी वहीत ७१ आले, पंधरा मिनिटांनी ७८, वीस मिनिटांनी ८४. त्याच क्षणी कामाचा वेग खाली आला. मिनिटभराने तापमान ८० झाले आणि वेग पुन्हा वाढला. थोड्या वेळाने परत ८४, परत वेग खाली. भाच्याने हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले, तेव्हा करवतीच्या दात्यांसारखी रेघ तयार झाली.

ही करवत मात्र खरी तापाची खूण आहे. मर्यादा आली, की एसएसडी स्वतःच आपला वेग आखडते, म्हणजे उष्णता कमी उत्पन्न होते. थोडी निवली, की पुन्हा धावू लागते. दुपारच्या उन्हात ओझे वाहणारा हमाल सावलीत टेकतो आणि पुन्हा उठतो, तसेच हे. दुकानदार म्हणाला तशी ती जळत नाही. स्वतःला सांभाळण्याची ही सोय बनवणाऱ्यांनीच तिच्यात करून ठेवलेली असते. तरीपण तिला रोज तासन्‌तास अशा काठावर ठेवणे बरे नाही, आणि मुलाचे काम अडत होते ते तर दिसतच होते.

परंतु प्रत उतरवताना, म्हणजे एसएसडी स्वतः राबत असताना, ती ६९ वर थांबली होती. आणि आता दुसराच कोणी राबत असताना ती ८४ वर गेली. ह्याचा अर्थ ही उष्णता तिची नव्हती. शेजाऱ्याची होती. आम्ही संगणक बंद केला, विजेची पिन काढली आणि विजेरी घेऊन आत पाहिले. एसएसडी ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली बसवलेली होती. कॅबिनेट तर टेबलाच्या कप्प्यात कोंबलेले होते. त्याच्या तिन्ही बाजूंना फळ्या. समोरच्या जाळीवर धुळीचा असा थर होता, की तिच्यातून हवा जाणेच शक्य नव्हते. ज्या चुलीला धुराडे नाही त्या स्वयंपाकघरात आणखी एक पंखा लावला तर धूर फक्त गोल फिरतो. दुकानदाराचा पंखाही तीच कोंडलेली उष्ण हवा एसएसडीवर फिरवीत बसला असता.

पंखा हवा थंड करीत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो तिला केवळ हलवतो. हीटसिंकही थंडावा निर्माण करीत नाही; तो उष्णतेला पसरायला जागा देतो एवढेच. भोवतालची हवा ५५ अंश असेल, तर कितीही मोठा हीटसिंक आणि कितीही मोठा पंखा लावला तरी पट्टी ५५ च्या खाली येणार नाही. म्हणून पहिला विचार करायचा तो भोवतालच्या हवेचा.

आम्ही रंगाच्या कुंचल्याने जाळी साफ केली, कॅबिनेट कप्प्यातून काढून मोकळ्या जागेत टेबलावर ठेवले आणि तेच काम पुन्हा लावले. ह्या वेळी तापमान ७४ वर स्थिर झाले. करवत नाहीशी झाली. खर्च काही नाही.

एवढ्यावर थांबायलाही हरकत नव्हती. परंतु मला एक शंका होती. ह्या एसएसडीवर मदरबोर्डाबरोबर आलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी होती, म्हणजे हीटसिंक होताच. मग तो आपले काम का करीत नव्हता? पुन्हा संगणक बंद केला, पिन काढली, अंगात साठलेली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला आणि लहान पेचकसाने तिचा स्क्रू काढला. पट्टीच्या खाली मऊ रबरासारखी एक गादी असते. चिप आणि धातू ही दोन्ही वरून गुळगुळीत दिसली, तरी ती एकमेकांवर ठेवली असता मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा भरते. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. अ‍ॅल्युमिनियम तिच्याहून हजारो पटींनी चांगले वाहक आहे. पण मध्ये हवा असली, तर त्याचा काय उपयोग? ह्या फटी बुजवण्यासाठी ती गादी असते. आणि त्या गादीवर, ती घाण होऊ नये म्हणून कारखान्यात लावलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा अजून तसाच होता! ज्याने कोणी संगणक जुळवला, तो हा पापुद्रा सोलायला विसरला होता. हे फार ठिकाणी घडते. आम्ही तो सोलला, पट्टी बसवली, स्क्रू आवळला आणि तिसऱ्यांदा तेच काम लावले. तापमान ६७.

"म्हणजे पंखा नकोच होता," भाचा म्हणाला.

ह्या संगणकाला नकोच होता. परंतु त्यावरून कोणालाच काही नको, असे मात्र म्हणता येत नाही. जुन्या पद्धतीच्या, अडीच इंची डबीतल्या एसएसडींचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटांच्या पुढे जात नाही. त्यांच्याविषयी बोलणेच नको, त्यांची डबी त्यांना पुरते. भाच्याच्या पट्टीसारख्या मधल्या पिढीच्या एसएसडी सेकंदाला ७००० मेगाबाइटांपर्यंत वाचू शकतात; मोकळ्या जागेत त्यांना मदरबोर्डाची साधी पट्टी बहुधा पुरेशी होते. त्यांच्या पुढची पिढी १०,००० च्याही वर जाते, आणि तेथे मात्र हिशेब बदलतो. ह्या पिढीच्या पहिल्या पट्ट्या २०२३ मध्ये आल्या. तज्ज्ञांनी त्यांतल्या काही हीटसिंकशिवाय चालवून पाहिल्या, तेव्हा त्या वेग आखडण्याऐवजी चक्क बंदच पडल्या. पुढे त्यांच्यातील आज्ञावली सुधारण्यात आली. तरी अशा पट्टीला हीटसिंक हवाच, ह्यात वाद नाही.

प्लेस्टेशन ५ ह्या खेळाच्या यंत्राचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२१ पासून त्यात आणखी एक एसएसडी बसवण्याची सोय सर्वांसाठी खुली झाली. तेव्हा सोनी कंपनीने हीटसिंकसारखी उष्णता घालवणारी योजना असलीच पाहिजे, अशी अट घातली. आणि पट्टी, गादी, हीटसिंक मिळून जाडी ११.२५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असेही सांगितले. अरुंद जागा आणि जोराचे काम एकत्र आले, की बनवणारा स्वतःच असे सांगतो, आणि त्याचे ऐकावे. लॅपटॉपची गोष्ट आणखी निराळी. त्यात उंच हीटसिंक मावतच नाही. बळेच बसवला तर झाकण फुगते. तेथे फार तर धातूचा पातळ पत्रा चालतो.

भाच्याची आणखी एक शंका राहिली होती. एवढी उष्णता सोसून आजीच्या ओव्या आतल्या आत पुसट तर झाल्या नसतील? शंका अगदीच वावगी नव्हती. कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन भोवतालच्या उष्णतेने हळूहळू निसटतात, हे खरे आहे. परंतु धोका आहे तो चालू एसएसडीला कमी, आणि बंद करून उष्ण जागी पडून राहिलेल्या एसएसडीला अधिक. जेडेक नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ह्यासाठी एक मोजपट्टी ठरवून दिली आहे. घरगुती एसएसडी वापरून वापरून आपल्या आयुष्याच्या अखेरीस आली, तरी वीज बंद असताना ३० अंशांत तिने एक वर्षभर मजकूर सांभाळला पाहिजे. नवी पट्टी तर त्याहून पुष्कळ अधिक सांभाळते. आणि गंमत अशी, की लिहिताना पट्टी थोडी उबदार असली तर कप्प्यांच्या भिंती कमी झिजतात. म्हणजे ती बर्फासारखी गार ठेवण्यात काही पुरुषार्थ नाही. जुनी एसएसडी नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकून ठेवणे मात्र वाईट. भाच्याने हे ऐकले आणि ओव्यांची दुसरी प्रत असलेली डिस्क बैठकीच्या खोलीतील कपाटात नेऊन ठेवली. ती डिस्क फिरत्या तबकडीची होती, तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले नव्हते. तरी मी त्याला अडवले नाही.

निघण्यापूर्वी मी त्याला एक हिशेब घालून दिला. काम तेच असले, हवेची वाट तीच असली, तर एसएसडी खोलीच्या मानाने किती अंश वर जाते हा फरक साधारणपणे तोच राहतो. आमच्या शेवटच्या मोजणीत खोली ३८ आणि पट्टी ६७, म्हणजे फरक २९. हा फरक कळला, की हिवाळ्यात बसून उन्हाळ्याचे भाकीत करता येते. डिसेंबरात खोली २० अंश असताना कोणाची पट्टी ६४ दाखवत असेल आणि तो समाधान मानत असेल, तर त्याचा फरक ४४ झाला; मे महिन्यातील ४० अंशांत तीच पट्टी ८४ वर जाईल. अशाने तेव्हाच, कोंडी कोठे आहे ते शोधावे. ती सापडली नाही, तर मग हीटसिंकसाठी पैसे काढावे.

भाच्याने हिशेब उलटा करून पाहिला. डिसेंबरात खोली २१ असेल असे धरले आणि वहीत ५० लिहून ठेवले. हिवाळ्यात त्याचा फोन आला. नव्या दप्तरातून ती वही काढून त्याने आकडे वाचून दाखवले. खोली २१ अंश, चित्रफितीचे काम वीस मिनिटे, पट्टी ५१.

"एक अंश चुकला, मामा," तो म्हणाला. "जाळी पुन्हा झाडायला झाली असेल."